पवित्र वर्ष, तीर्थयात्रा आणि दयेची कृत्ये : वडाळ्यातील एक वाट

दि. 24 डिसेंबर 2024 रोजी पोप फ्रान्सिस यांनी रोम येथील संत पीटर बॅसिलिकेचे पवित्र द्वार उघडले आणि ‘आशेचे यात्रेकरू’ हे बोधवाक्य असलेल्या 2025 च्या पवित्र वर्षास प्रारंभ झाला. दि. 21 एप्रिल 2025 रोजी पोप फ्रान्सिस प्रभूच्या घरी गेले. 8 मे रोजी निवडून आलेले पोप लिओ चौदावे यांनी 6 जानेवारी 2026 रोजी, तीन राजांच्या सणादिवशी, तेच द्वार बंद केले. एका पोपच्या काळात सुरू झालेले पवित्र वर्ष दुसऱ्या पोपच्या काळात संपण्याचा प्रसंग यापूर्वी 1700 साली आला होता.

त्या वर्षात मुंबई आणि वसईच्या अनेक धर्मग्रामांतून भाविकांचे गट रोमला जाऊन आले. त्याआधी 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025 या काळात जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेविअर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन झाले, तेथेही आपल्याकडील हजारो भाविक गेले. परंतु प्रत्येक धर्मग्रामात असा एक मोठा वर्ग होता की ज्याला रोम काय, गोव्यालाही जाणे शक्य नव्हते. अंथरुणाला खिळलेले वृद्ध, त्यांची शुश्रूषा करणाऱ्या मुली आणि सुना, हातावर पोट असणारे कामगार हे सर्व या वर्गात येतात. पवित्र वर्षाची कृपा त्यांच्यापर्यंत कशी पोहोचावी, हा प्रश्न ख्रिस्तसभेने दुर्लक्षित केलेला नाही. तिने दिलेले उत्तर मात्र आपल्याकडे पुरेसे वाचले गेले नाही, असे वाटते. ते उत्तर काय आहे आणि वडाळ्यासारख्या वस्तीत त्याचा अर्थ काय होतो, याची माहिती या लेखात दिली आहे.

पवित्र वर्षाची परंपरा

पवित्र वर्षाचे मूळ जुन्या करारातील लेवीय या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात आहे. दर पन्नासाव्या वर्षी मेंढ्याच्या शिंगाचा कर्णा फुंकून इस्राएल लोकांनी ते वर्ष पवित्र मानावे, जमिनीला विसावा द्यावा, विकली गेलेली वतने मूळ कुटुंबांना परत करावीत आणि दास्यात पडलेल्या बांधवांना मुक्त करावे, अशी आज्ञा तेथे आहे. ‘ज्युबिली’ हा शब्द त्या शिंगाच्या हिब्रू नावावरून आला. म्हणजे या वर्षाचा पहिला अर्थच देण्याघेण्याशी, जमिनीशी आणि माणसांच्या सुटकेशी निगडित आहे. नाझरेथच्या सभास्थानात प्रभू येशूने यशया संदेष्ट्याचे पुस्तक उघडून प्रभूच्या कृपेच्या वर्षाची घोषणा केली, ती याच परंपरेला धरून होती (लूक 4).

ख्रिस्तसभेतील पहिले पवित्र वर्ष पोप बोनिफास आठवे यांनी 1300 साली घोषित केले. ते शंभर वर्षांनी एकदा व्हावे अशी त्यांची कल्पना होती. पुढे 1350 साली दुसरे झाले आणि 1470 साली पोप पॉल दुसरे यांनी हे अंतर पंचवीस वर्षांचे ठरवले, म्हणजे प्रत्येक पिढीला निदान एकदा तरी ही संधी मिळावी. याखेरीज विशेष प्रसंगी असाधारण पवित्र वर्षे होतात. प्रभूच्या मुक्तिकार्यास 1900 वर्षे झाल्याबद्दल 1933 मध्ये आणि 1950 वर्षे झाल्याबद्दल 1983 मध्ये अशी वर्षे पाळण्यात आली.

अलीकडचे असाधारण पवित्र वर्ष म्हणजे पोप फ्रान्सिस यांनी घोषित केलेले दयेचे वर्ष. 8 डिसेंबर 2015 ते 20 नोव्हेंबर 2016 हा त्याचा कालावधी होता. रोममध्ये त्याचा आरंभ होण्यापूर्वीच, 29 नोव्हेंबर 2015 रोजी, पोप महोदयांनी मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाच्या बांगी या राजधानीतील कॅथेड्रलचे पवित्र द्वार उघडले. यादवी युद्धाने होरपळलेल्या त्या शहराला त्यांनी हा पहिला मान दिला. त्या वर्षी जगभरातील प्रत्येक धर्मप्रांतात पवित्र द्वार ठेवण्यास परवानगी होती. 2025 मध्ये मात्र पवित्र द्वारे फक्त रोमच्या चार प्रमुख बॅसिलिकांत होती आणि एक पाचवे द्वार रोममधील रेबिब्बिया तुरुंगात उघडले गेले. इतरत्र बिशपांनी नेमून दिलेली चर्चेस ही यात्रास्थाने होती. हा फरक लक्षात न आल्याने ‘आमच्याकडचे पवित्र द्वार कोठे?’ अशी विचारणा अनेकांनी केली, म्हणून तो येथे नोंदवला आहे.

पायरी न चढताही यात्रा

दयेच्या वर्षाच्या तोंडावर, 1 सप्टेंबर 2015 रोजी, पोप फ्रान्सिस यांनी आर्चबिशप रिनो फिसिकेला यांना एक पत्र लिहिले. आपल्या विषयाच्या दृष्टीने ते फार महत्त्वाचे आहे. आजारी आणि एकाकी वृद्धांनी आपले दुःख श्रद्धेने सोसणे, हीच त्यांची पवित्र द्वारातून जाण्याची क्रिया समजावी, असे त्यांनी ठरवून दिले. कैद्यांविषयी त्यांनी त्याहून पुढचे पाऊल टाकले. कैदी आपल्या कोठडीचा उंबरठा ओलांडताना देवपित्याकडे मन वळवील, तर तो उंबरठाच त्याच्यासाठी पवित्र द्वार ठरेल, असे त्या पत्रात आहे. आणि जो कोणी दयेचे एखादे कृत्य स्वतः करील त्यालाही पवित्र वर्षाची दंडक्षमा मिळेल, असेही त्यांनी जाहीर केले.

हीच दिशा 2025 च्या वर्षासाठी 13 मे 2024 रोजी निघालेल्या आदेशात अधिक स्पष्ट झाली. प्रेषितीय प्रायश्चित्त न्यायपीठाने काढलेल्या या आदेशानुसार, आजारी, कैदी, एकाकी वृद्ध, अपंग अशा गरजू बांधवांना जो भेट देईल आणि त्यांच्या सहवासात पुरेसा वेळ घालवील, त्याने एका अर्थी त्यांच्यात वसणाऱ्या ख्रिस्ताकडेच यात्रा केली असे मानावे. आधार अर्थातच मत्तयच्या शुभवर्तमानातील पंचविसाव्या अध्यायाचा आहे, जेथे अखेरच्या न्यायाच्या दिवशी राजा भुकेल्या, तहानेल्या, परक्या, उघड्या, आजारी आणि बंदिवान माणसाशी स्वतःला एकरूप करतो. एक दिवस तरी निरर्थक करमणुकीपासून, त्यात मोबाइल आणि दूरदर्शनही आले, तसेच अनावश्यक खरेदीपासून दूर राहून वाचलेली रक्कम गरिबांना देणे, हाही एक मार्ग त्या आदेशात सांगितला होता.

‘भेट’ हा शब्द येथे नीट वाचावा. आदेशात पैसे पाठवण्याचा उल्लेख आहेच, पण भेटीचा उल्लेख त्याहून वेगळा आणि ठळक आहे. आपल्या मंडळांकडून रुग्णालयात फळांच्या टोपल्या जातात, छायाचित्र निघते आणि अर्ध्या तासात बस परत फिरते. त्या फळांचा उपयोग होत नाही असे नाही. पण ‘पुरेसा वेळ’ या दोन शब्दांना ते उत्तर होत नाही.

दंडक्षमा म्हणजे काय, याविषयी आपल्या भाविकांत अजूनही गैरसमज आहेत. पापनिवेदन संस्कारात पापाची क्षमा होते. परंतु पापामुळे आपल्यात आणि इतरांत जी विकृती मागे राहते तिची शुद्धी व्हावी लागते, यास पापाचा ऐहिक दंड म्हणतात. ख्रिस्ताच्या आणि संतांच्या पुण्यसंचयातून ख्रिस्तसभा त्या दंडातून सूट देते ती दंडक्षमा. ती स्वतःसाठी किंवा शुद्धिस्थानातील आत्म्यांसाठी मागता येते. पूर्ण दंडक्षमेसाठी पापनिवेदन, ख्रिस्तप्रसाद, पोप महोदयांच्या हेतूंसाठी प्रार्थना आणि प्रत्येक पापाविषयीची आसक्ती सोडणे या अटी आहेत. दंडक्षमा विकत मिळत नाही. सोळाव्या शतकात तिचा बाजार मांडला गेला आणि त्याची किंमत ख्रिस्तसभेने फार मोठी मोजली.

दयेची कृत्ये

परंपरेने दयेची सात शारीरिक आणि सात आध्यात्मिक कृत्ये मानली जातात. भुकेल्यास अन्न, तहानेल्यास पाणी, उघड्यास वस्त्र, निराश्रितास आसरा, आजाऱ्याची भेट, बंदिवानाची भेट आणि मृतास मूठमाती ही सात शारीरिक. यांतील पहिली सहा मत्तयच्या शुभवर्तमानात आहेत. सातवे तोबितच्या पुस्तकातून आले. संशयग्रस्तास सल्ला, अजाणास ज्ञान, चुकणाऱ्यास समज, दुःखितास धीर, अपराध्यास क्षमा, त्रास देणाऱ्यास सहन करणे आणि जिवंत व मृतांसाठी प्रार्थना ही सात आध्यात्मिक होत. दयेच्या वर्षातच, 1 सप्टेंबर 2016 रोजी, पोप फ्रान्सिस यांनी सृष्टीचे जतन हेही एक दयेचे कृत्य मानावे असे सुचवले. त्यानंतर तीन दिवसांनी, 4 सप्टेंबर रोजी, त्यांनी कोलकात्याच्या मदर तेरेसा यांना संत घोषित केले.

मदर तेरेसांचा आणि मुंबईचा एक दुवा येथे आठवतो. 1964 साली नोव्हेंबरच्या अखेरीस मुंबईत अडतिसावी आंतरराष्ट्रीय ख्रिस्तप्रसाद परिषद भरली आणि डिसेंबरच्या आरंभी तिच्यासाठी पोप पॉल सहावे मुंबईस आले. भारतात पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. आपण यात्रेकरू म्हणून आलो आहोत, अशी त्यांची भूमिका होती. या दौऱ्यात वापरलेली पांढरी लिंकन मोटार त्यांनी जाताना मदर तेरेसांना दिली. मदरनी तिच्यात न बसता तिची सोडत काढली आणि आलेला पैसा कुष्ठरुग्णांच्या वसाहतीला दिला. मुंबईतील त्या यात्रेची एक निशाणी अशा रीतीने कुष्ठरुग्णांकडे पोहोचली.

वडाळ्याचे रुग्णालय

वडाळ्याच्या विठ्ठल मंदिराला लोक प्रतिपंढरपूर म्हणतात. आषाढी एकादशीला येथे मध्य मुंबईतून दिंड्या येतात आणि दर्शनाची रांग दूरवर जाते. पूर्वेस अँटॉप हिलजवळ शेख मिस्री यांचा दर्गा आहे. आपले कॅथलिक धर्मग्राम दुःखी मातेच्या नावे आहे. क्रुसाजवळ उभ्या राहिलेल्या मरियेचा सण 15 सप्टेंबरला येतो. यात्रा म्हणजे काय हे वडाळेकरांना समजावून सांगण्याची गरज नाही. याच वस्तीत, रफी अहमद किडवाई मार्गाच्या बाजूस, महानगरपालिकेचे ॲक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय आहे. तेथे मात्र रांग लागत नाही.

या रुग्णालयाचा इतिहास समजून घेण्यासाठी वडाळ्याहून फार दूर, प्रशांत महासागरातील मोलोकाई बेटावर जावे लागते. बेल्जियमचे धर्मगुरू फादर डेमियन 10 मे 1873 रोजी त्या बेटावरील कालावपापा येथील कुष्ठरुग्णांच्या वसाहतीत उतरले. हवाईच्या राज्यातील रुग्णांना पकडून तेथे सोडले जात असे; परत येण्याची सोय नव्हती. फादर डेमियन यांनी त्यांच्यासाठी घरे बांधली, जखमा धुतल्या, शवपेट्या तयार केल्या, कबरी खणल्या. अखेर त्यांनाही तो रोग जडला आणि 15 एप्रिल 1889 रोजी ते वारले. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी 11 ऑक्टोबर 2009 रोजी त्यांना संत घोषित केले. योगायोगाने 1873 याच साली नॉर्वेतील डॉक्टर हान्सेन यांनी कुष्ठरोगाचा जंतू शोधला होता.

फादर डेमियन यांच्या मृत्यूने युरोप हलला. त्यांच्या स्मरणार्थ इंग्लंडमध्ये निधी उभारला गेला, त्यातून कुष्ठरोगाच्या अभ्यासासाठी एक आयोग भारतात पाठवण्यात आला आणि 1890-91 मध्ये तो देशभर फिरला. पण आदराबरोबर भीतीही पसरली. गोऱ्या धर्मगुरूला हा रोग होतो, तर कोणालाही होऊ शकतो, अशी ती भीती होती. मुंबईच्या रस्त्यांवर भीक मागणाऱ्या कुष्ठरुग्णांविषयी त्या सुमारास वृत्तपत्रांतून आणि सभांतून ओरड सुरू झाली.

हॅरी ॲक्वर्थ हे तेव्हा मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते. मराठी वाचकांना हे नाव दुसऱ्या कारणाने परिचित असावे. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर मराठी पोवाड्यांचा संग्रह करून 1891 मध्ये तो प्रसिद्ध करणारे आणि पुढे 1894 मध्ये त्यांतील काही पोवाडे इंग्रजीत नेणारे ॲक्वर्थ ते हेच. त्यांच्या पुढाकाराने 1890 साली, त्या काळी माटुंग्यात गणल्या जाणाऱ्या या जागी, बेघर कुष्ठरुग्णांसाठी आश्रयस्थान सुरू झाले. पुढे त्यास त्यांचेच नाव मिळाले. आवारात देऊळ, मशीद आणि कॅथलिक चॅपेल उभे राहिले. ज्यांना बाहेरच्या प्रार्थनास्थळांत कोणी शेजारी बसू देत नव्हते, त्यांना आत आपापल्या पद्धतीने देवाचे नाव घेता येऊ लागले.

ॲक्वर्थ यांचा हेतू दुष्ट नव्हता. रुग्णांना छप्पर, अन्न आणि औषधोपचार मिळाले हे खरे. तरीही त्या आश्रयस्थानाची मुख्य प्रेरणा शहर स्वच्छ दिसावे आणि निरोगी लोक सुरक्षित राहावेत ही होती, हे मान्य केले पाहिजे. भारतात आलेल्या आयोगाने तर हा रोग भीती वाटते तितका स्पर्शजन्य नाही आणि सर्व रुग्णांना सक्तीने वेगळे ठेवण्याची गरज नाही, असा निष्कर्ष काढला होता. तो बाजूला राहिला आणि 1898 मध्ये लेपर्स ॲक्ट आला. भिकारी कुष्ठरुग्णाला पकडून आश्रयस्थानात डांबण्याचा अधिकार त्या कायद्याने दिला. हा कायदा पूर्णपणे रद्द होण्यास 2016 साल उजाडले.

ख्रिस्ती कुटुंबांना थेट लागू होणारी आणखी एक तरतूद याहून उशिरापर्यंत टिकली. ख्रिस्ती लोकांच्या घटस्फोटासंबंधीच्या 1869 च्या कायद्यात जोडीदाराचा कुष्ठरोग हे विवाह मोडण्याचे एक कारण होते. हिंदू, मुस्लिम आणि विशेष विवाहाच्या कायद्यांतही तशीच कलमे होती. 2019 मध्ये संसदेने व्यक्तिगत कायद्यांत दुरुस्ती करून ती सर्व काढून टाकली. सुखात आणि दुःखात, आरोग्यात आणि आजारात साथ देण्याचे वचन वेदीसमोर घेणाऱ्या आपल्या समाजाने या कलमाविरुद्ध त्याआधी कितीसा आवाज उठवला, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. मध्ययुगीन युरोपात काही ठिकाणी कुष्ठरुग्णाला जिवंतपणी समाजापासून तोडण्याचा विधीही धर्मगुरूंच्या हस्ते होत असे. याच ख्रिस्तसभेत असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी कुष्ठरुग्णांच्या सहवासात आपल्या परिवर्तनाची सुरुवात झाल्याचे मृत्यूपूर्वी, 1226 साली, लिहून ठेवले. दोन्ही गोष्टी आपल्याच इतिहासातील आहेत.

रोग गेला, घर गेले

वैद्यकदृष्ट्या आज कुष्ठरोग पूर्ण बरा होतो. बहुतेक माणसांत या जंतूविरुद्ध उपजत प्रतिकारशक्ती असते. जंतू फार मंद वाढतो; लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत पाच वर्षे, कधी वीस वर्षेही जातात. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा उमटतो आणि तेथे स्पर्श कळत नाही, ही मुख्य खूण. जागतिक आरोग्य संघटनेने 1981 मध्ये बहुविध औषधोपचाराची शिफारस केली आणि 1983 पासून भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तो सुरू झाला. रिफाम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन या औषधांचा हा उपचार रोगाच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने चालतो, तो सरकारी आणि पालिकेच्या दवाखान्यांत विनामूल्य मिळतो आणि उपचार सुरू होताच थोड्या दिवसांत रुग्णापासून लागण होण्याची शक्यता संपते. 2005 च्या अखेरीस देशात दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण, हे प्रमाण गाठले गेले. मात्र ‘निर्मूलन’ या शब्दाने गैरसमज झाला. भारतात आजही दरवर्षी एक लाखाहून अधिक नवे रुग्ण सापडतात आणि जगातील नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आपल्या देशातील असतात.

औषधाने जंतू मरतो, पण मेलेल्या नसा परत येत नाहीत. हाताला गरम पातेले लागलेले कळत नाही, पायात खिळा रुतला तरी माणूस चालत राहतो. मग जखम, तिचा व्रण, हाड झिजणे आणि बोटे आखडणे. रोगाने बोटे झडतात अशी समजूत आहे, प्रत्यक्षात बधिरपणामुळे झालेल्या दुर्लक्षित जखमांनी ती जातात. म्हणून बऱ्या झालेल्या रुग्णालाही रोज पाय पाण्यात भिजवून, तेल लावून, तळवे तपासावे लागतात. त्याला खिळे नसलेल्या, मऊ रबराच्या खास चपला लागतात. रुग्णालयांत त्यांना एमसीआर चपला म्हणतात. सहा-आठ महिन्यांत त्या झिजतात आणि नव्या घ्याव्या लागतात.

चपला मिळतात, घर मिळणे अवघड असते. वडाळ्यासारख्या रुग्णालयांनी असे कित्येक जण पाहिले आहेत, ज्यांचा रोग कधीच गेला, पण ज्यांना न्यायला कोणी आले नाही. कोणाचे नाव शिधापत्रिकेतून कमी झाले, कोणाच्या धाकट्या बहिणीचे लग्न जमावे म्हणून त्यांना मृत सांगितले गेले. ‘महारोगी’ हा शब्द आपण लिहिण्यातून काढला, बोलण्यातून तो पूर्ण गेलेला नाही. शुभवर्तमानातील कुष्ठरोग्याला प्रभू येशूने बरे केले तेव्हा शब्दाने बरे करणे त्याला शक्य होते, तरी त्याने हात पुढे करून आधी स्पर्श केला, अशी नोंद मार्क, मत्तय आणि लूक या तिघांनीही ठेवली आहे. मोशेच्या नियमाने तो स्पर्श निषिद्ध होता. (जुन्या करारात ज्याला कुष्ठ म्हटले आहे त्यात त्वचेचे अनेक विकार येतात, आजच्या वैद्यकातील कुष्ठरोगच तेथे अभिप्रेत आहे असे नाही, पण समाजाबाहेर काढले जाण्याचे दुःख तेच.)

रोममधील पवित्र द्वार दोन पवित्र वर्षांच्या मधल्या काळात विटांनी बंद केलेले असते. यात्रेकरू एरवी भिंत असते तेथून आत जातो. वडाळ्याच्या आवाराला 1890 पासून भिंत आहे आणि ती आपल्यासारख्यांना दूर ठेवण्यासाठी बांधलेली नव्हती. आतल्यांना आत ठेवण्यासाठी होती. बाहेरच्याने ती ओलांडून आत जाणे हा 13 मे 2024 च्या आदेशात सांगितलेल्या यात्रेचा अगदी शब्दशः अर्थ होतो. येथे जाण्यासाठी विमानाचे तिकीट लागत नाही. हार्बर मार्गावरील वडाळा रोड स्थानकावर उतरले की पुरते.

आसपासची इतर स्थाने

वडाळ्याच्या पंचक्रोशीत अशी आणखी ठिकाणे आहेत. रस्त्यावर राहणाऱ्या मुलांसाठी सालेशियन धर्मगुरूंनी 1987 मध्ये सुरू केलेली शेल्टर डॉन बॉस्को ही संस्था वडाळ्यातच आहे. शिवडीला पालिकेचे क्षयरोग रुग्णालय आहे. क्षयरुग्णालाही कुटुंबीय टाळतात, हे तेथील परिचारिका सांगू शकतील. परळचे टाटा स्मारक रुग्णालय 1941 पासून कर्करोग्यांवर उपचार करत आहे. दूरच्या गावांहून आलेली कुटुंबे आजूबाजूच्या पदपथांवर दिवस काढताना दिसतात. त्यांच्यासाठी दादरला संत गाडगे महाराजांच्या नावे चालणारी धर्मशाळा आहे. तेथे सेवा करणाऱ्यांत आपण थोडे आहोत. अंधेरीत 1942 साली मदर ॲना हुबेर्ता यांनी स्थापन केलेल्या मरियेच्या साहाय्यिका या धर्मभगिनींनी कुष्ठरुग्णांच्या सेवेचे काम वर्सोव्याच्या विमला केंद्रातून केले आहे; कुष्ठरुग्णांशी कसे वागावे हे शिकायचे असेल तर त्यांच्याकडून शिकावे.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी

2025 चे पवित्र वर्ष संपले असल्याने त्या वर्षाची विशेष पूर्ण दंडक्षमा आता उपलब्ध नाही. तथापि श्रद्धेने आणि दयेच्या भावनेने स्वतःचा वेळ किंवा धन गरजू बांधवांसाठी देणाऱ्यास आंशिक दंडक्षमा मिळते, ही ख्रिस्तसभेची सर्वसाधारण तरतूद कायम आहे आणि तिला कोणत्याही विशेष वर्षाची मर्यादा नाही. प्रभूच्या मुक्तिकार्यास 2033 मध्ये दोन हजार वर्षे होत आहेत. तोपर्यंत थांबण्याचे कारण नाही.

रुग्णालय पालिकेचे असल्याने गटाने जाण्यापूर्वी अधीक्षकांच्या कार्यालयातून परवानगी घ्यावी. एकावेळी चार-पाच जणांनीच जावे. रुग्णांची छायाचित्रे काढू नयेत. ज्यांच्या नातेवाइकांनी त्यांचे अस्तित्व लपवले आहे, त्यांना एका छायाचित्राने नवा त्रास होऊ शकतो. कोणत्या आजारासाठी आलात असे विचारू नये. रुग्ण वेगवेगळ्या धर्मांचे असतात. त्यांच्या खाटेजवळ मोठ्याने आपली प्रार्थना म्हणणे योग्य नाही, धर्मप्रचार तर मुळीच नाही. कोणी हात पुढे केला तर तो हातात घ्यावा. दोन मिनिटांनी हात धुण्यासाठी नळ शोधू नये. एकाच रुग्णाकडे पुन्हा पुन्हा जाणे हे सगळ्या कक्षांतून एकदा फिरण्यापेक्षा चांगले. काय आणावे हे परिचारिकांना विचारावे. बहुधा त्या फळांऐवजी बँडेज, खोबरेल तेल, चष्मे किंवा चपला सांगतील. चपला द्यायच्या असल्यास बाजारातील साध्या नकोत, प्रत्येकाच्या पायाच्या मापाच्या एमसीआर चपला रुग्णालयाच्या सल्ल्याने करून घ्याव्यात.

धर्मग्रामातील संत विन्सेंट दे पॉल मंडळ किंवा युवक गट यांना भेटीसाठी निश्चित दिवस हवा असेल तर दोन दिवस सोयीचे आहेत. फ्रेंच कॅथलिक लेखक राऊल फोलेरो यांनी 1954 मध्ये सुरू केलेला जागतिक कुष्ठरोग दिन जानेवारीच्या शेवटच्या रविवारी पाळला जातो. भारतात तो महात्मा गांधींच्या स्मृतिदिनी, 30 जानेवारीस असतो. लूर्दच्या मातेचा सण 11 फेब्रुवारीला येतो आणि पोप जॉन पॉल दुसरे यांच्या निर्णयानुसार 1993 पासून तोच जागतिक रुग्ण दिन आहे. मात्र या दोन्ही दिवशी रुग्णालयांत पाहुण्यांची गर्दी असते. मार्चमधल्या एखाद्या साध्या मंगळवारी दुपारी रुग्णाकडे बोलायला कोणी नसते, तेव्हा गेलेले अधिक बरे.